घर भाड्याचं, जीव आयुष्यभराचा

भाड्याच्या घरात कुत्र्याचं पिल्लू आणावं का? ऐकायला प्रश्न लहान वाटतो. पण गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. अहिंसा, सत्य, परिग्रह हे पाठशाळेत पाठ केलेले शब्द त्या पंधरा दिवसांत एकेक करून ओट्याशी येऊन उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी जणी नवऱ्याच्या, मुलांच्या नोकरीपायी गाव सोडून पुण्याला, बेंगळुरूला, हैदराबादला परक्याच्या घरात राहतात. घर आपलं नसतं, अटी आपल्या नसतात, आणि मन मात्र आपलंच असतं. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही दारात येईल, म्हणून तो सविस्तर मांडते.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. सध्या हैदराबादेत कुकटपल्लीला राहतो. हाउसिंग बोर्डाची ही कॉलनी एकेका फेजने वाढत गेली. इथले लोक तिला नुसतं ‘केपीएचबी’ म्हणतात. हायटेक सिटी जवळ, २०१७ पासून मेट्रो दाराशी, त्यामुळे गल्लोगल्ली हॉस्टेलं आणि अपार्टमेंटं झाली आहेत. फाटकाफाटकावर ‘टू-लेट’ची पाटी असते आणि पाटीखाली अटी असतात. फॅमिली हवी, बॅचलर नको, नॉनव्हेज नको, कुत्रं-मांजर नको. आमचा करार अकरा महिन्यांचा. घरमालकांनी आम्हाला घर दिलं तेच मुळी ‘तुम्ही जैन, म्हणजे काळजी नाही’ असं म्हणून. त्या करारात प्राणी पाळायचा नाही हे कलम आहे आणि खाली आमची सही आहे.

आमच्या इमारतीखाली पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खोलीला लागून जिन्याखाली, गल्लीतली एक तांबूस कुत्री व्याली. चार पिल्लं झाली. एक पाण्याच्या टँकरखाली गेलं. दोन कुणी कुणी उचलून नेली. एक उरलं, पांढऱ्या पायांचं. वॉचमनची बायको त्याला ‘कुक्कपिल्ला’ म्हणायची. माझी मुलगी सातवीत आहे. ती हसून म्हणाली, “आई, पिल्ला म्हणजे आपलं पिल्लूच की!” भाषेचं नातं जुळलं आणि त्याच दिवशी मागणीही आली. ह्याला वर आणायचं.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं पडलं. यजमान म्हणाले, “करारात लिहिलंय, विषय संपला.” सासूबाई म्हणाल्या, “कुत्रं मांस खाणारं जनावर. आपल्या चौक्यात ते कसं चालेल?” मुलगी म्हणाली, “मग मला जीवदया शिकवता कशाला?” मंडळातल्या मैत्रिणींत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, “आण गं, मालक काय रोज बघायला येतोय?” दुसरीचं म्हणणं, “ज्याचं त्याचं कर्म. आपण का मध्ये पडायचं?” पाच मतं झाली, आणि पाचही मला थोडीथोडी पटत होती. म्हणून एकेक घेऊन बघितलं.

आधी चौक्याचं. आपल्या शास्त्रांत पाळीव प्राण्याविषयी काय म्हटलंय? पुष्कळ जणींना वाटतं, काहीच नाही, किंवा नुसतं ‘लांब राहा’. तसं नाही. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात आहेत, ते तुम्हाला पाठ असतील: बंध, वध, छेद, अतिभार-आरोपण आणि अन्नपान-निरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. नीट बघितलं तर हे दोष रानातल्या प्राण्याच्या बाबतीत क्वचितच घडतील. ते घडतात दावणीच्या बैलाच्या, गोठ्यातल्या म्हशीच्या, दारातल्या कुत्र्याच्या बाबतीत. म्हणजे श्रावकाच्या घरी जनावर असणार हे गृहीत धरूनच हे नियम केले आहेत. जनावर ठेवण्याआधी, ठेवल्यावर काय करायचं नाही ते समजून घे, असंच जणू त्यांत सांगितलंय.

दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे शिकारी प्राणी पाळणं अनर्थदंडात घातलंय. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पोसणं हा श्रावकाला वर्ज्य असलेला धंदा सांगितलाय. सासूबाईंचा आक्षेप असा हवेतून आलेला नाही. पण हेमचंद्राचार्यांच्या सांगण्यात ‘पैशासाठी’ हा शब्द आहे. हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लं विकत घेणाऱ्यांनी आणि ती विकण्यासाठी कुत्रीला वर्षामागून वर्ष विणवणाऱ्यांनी त्या शब्दापाशी थांबावं. जिन्याखाली उघड्यावर पडलेलं गावठी पिल्लू त्या हिशेबात येत नाही.

उरला मांसाचा प्रश्न. इथे मांजर आणि कुत्रा यांत मोठा फरक आहे. मांजराच्या शरीराला प्राणिज आहारातलीच काही द्रव्यं लागतात, शाकाहारावर ते जगू शकत नाही. कुत्र्याचं तसं नाही. माणसाच्या सोबत राहून राहून त्याचं पोटही बदललं. लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, असं संशोधन २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. भाकरी-चपातीवर वाढलेली आपल्या गावाकडची कुत्री बघितलेल्या बाईला यात नवल वाटणार नाही. तरी दहीभात घातला की झालं, असं मात्र नाही. वाढत्या पिल्लाला प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं मोजून लागतात. डॉक्टरांना विचारून शाकाहारी आहार नीट बसवावा लागतो, आणि तो मानवला नाही तर पुढे काय, याचंही उत्तर आधीच तयार ठेवावं लागतं. आपल्या चौक्याच्या शुद्धतेसाठी मुक्या जिवाला अर्धपोटी ठेवलं तर तो अन्नपान-निरोधच झाला. सासूबाईंना मी हसत एक गोष्ट सांगितली: कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो, त्याच्या तांबड्या रक्तपेशी त्याने मरतात. म्हणजे आपलं स्वयंपाकघर त्याला निम्मं आधीच सोयीचं! मात्र आपल्याकडचे बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक. त्या म्हणाल्या, “म्हणजे तासगावचा डबा वरच्या फळीवर.” तेवढ्यापुरता तरी चौका सुटला.

दिल्लीला लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिर आहे. त्याच्या आवारात पक्ष्यांचा धर्मार्थ दवाखाना आहे, कित्येकींनी यात्रेत बघितला असेल. तिथे दाणे खाणारे पक्षी दाखल करून घेतात. घारीसारख्या मांस खाणाऱ्या पक्ष्यांना औषधपाणी करतात, पण आत ठेवून घेत नाहीत. आत ठेवायचं तर त्यांना मांस घालावं लागेल, आणि एकाच छताखाली कबुतर घाबरेल. कुणाला ही तडजोड अर्धवट वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते. उपचार सर्वांना, मुक्काम मात्र निभावता येईल त्यालाच, असा भेद त्या लोकांनी विचार करून केलाय. आमच्या प्रश्नाला पुढे याच भेदाचा उपयोग झाला.

आता ‘ज्याचं त्याचं कर्म’. हे वाक्य आपल्या तोंडी फार सहज येतं. पण क्षत्रचूडामणीतली जीवंधरस्वामींची कथा आठवा. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून मार खाऊन मरायला टेकलेलं कुत्रं जीवंधराला दिसलं. त्याचं कर्म म्हणून तो पुढे गेला नाही. जवळ बसला, त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. तो जीव यक्ष झाला आणि पुढे जीवंधराच्या उपयोगी पडला. सम्यग्दर्शनाची महती सांगताना समंतभद्राचार्यही रत्नकरंडात कुत्र्याचाच दाखला देतात, धर्माने कुत्रासुद्धा देव होतो असा. तेव्हा कर्माच्या नावाखाली डोळे मिटायची मुभा आपल्याला नाही. पण या कथेत आणखी एक गोष्ट आहे. जीवंधराने दिलं ते एका घडीचं होतं, आणि तेवढंच त्या वेळी हवं होतं. मुलगी मागत होती ते बारा-तेरा वर्षांचं. दया दोन्हीकडे तीच, पण ती किती काळ पुरवायची हे वेगळं.

मग येतं ‘कोण बघतंय?’ हे मत मला सर्वांत अवघड गेलं, कारण ते सोयीचं होतं. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, महिना-दोन महिन्यांतून एकदा येतात. शिवाय कायदाही काही अंशी आपल्या बाजूला आहे. पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितलंय. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघांचे असे नियमच बेकायदा ठरवले. यजमानांनी हे सगळं वाचून काढलं आणि एका संध्याकाळी म्हणाले, “सोसायटीशी भांडता येईल.” पण आमची अडचण सोसायटीची नव्हती. मालकांशी आम्ही स्वतः करार केला होता, आणि भांडण जिंकलं तरी अकरा महिन्यांनी करार पुन्हा करायचा की नाही हे त्यांच्या हातात होतं.

आणि समजा कुणालाही कळलं नसतं, तर? सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटं लिहून देणं. ‘प्राणी पाळणार नाही’ या ओळीखाली सही करून आत पिल्लू लपवलं, तर ती सही खोटी होते. मुलीला मी विचारलं, मालक आले की पिल्लाला कुठे ठेवशील? ती म्हणाली, बाथरूममध्ये. भुंकलं तर? तोंड धरेन. ती हे बोलली आणि स्वतःच गप्प झाली. आपल्या खोट्याचा भार असा त्या जिवावर जातो. त्याला कोंडायचं, गप्प करायचं, माणसं आली की घाबरायला शिकवायचं. बंध हा अतिचार फक्त साखळीनेच घडतो असं नाही.

म्हणून विचारायचं ठरलं. आधी विचारायचं, मग हो-नाही. मालक आले तेव्हा चहा दिला आणि सरळ सांगितलं. ते वयस्कर गृहस्थ, शांत स्वभावाचे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कुक्का वद्दु, मॅडम.” कुत्रा नको. मी कारण विचारलं. मला वाटलं, घाण, भुंकणं, शेजाऱ्यांच्या तक्रारी असं काही सांगतील. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंबरपेठेत भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात चार वर्षांचा मुलगा गेला, तेव्हापासून या शहरात कुत्रा म्हटलं की आयांच्या छातीत धस्स होतं, ते सांगतील. त्यांनी सांगितलं ते निराळंच होतं. आमच्या आधीच्या आधी एक भाडेकरू जोडपं होतं. त्यांनी परवानगी घेऊन कुत्रा पाळला होता. दोन वर्षांनी बदली झाली. नव्या शहरात कुत्र्यासकट घर मिळेना. सामानाचा ट्रक गेला, माणसं गेली, कुत्रा पार्किंगमध्ये राहिला. आठवडाभर तो लिफ्टच्या दारासमोर बसून होता. लिफ्ट उघडली की उठायचा, परका माणूस बघून पुन्हा बसायचा. मालकांनीच शेवटी कुणाच्या शेतावर त्याची सोय लावली. “तब से लिखवाता हूँ,” ते म्हणाले.

मी ज्याला निर्दय कलम समजत होते ते असं आलेलं होतं. कुत्र्याचा तिटकारा म्हणून ते लिहिलेलं नव्हतं. कुत्र्याला टाकून गेलेल्या माणसांमुळे ते करारात आलं होतं, आणि ती माणसंही दुष्ट नसणार. त्यांनी पिल्लू आणलं तेव्हा त्यांनाही दयाच आली असेल.

त्या रात्री यजमानांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. कुत्रा नीट जपला तर बारा-तेरा वर्षं जगतो. तेरा वर्षांचे महिने एकशे छप्पन्न. करार अकरा महिन्यांचा. म्हणजे त्याच्या एका आयुष्यात चौदा करार! चौदा वेळा कुणीतरी परका माणूस ठरवणार, याला ठेवायचं की नाही. आणि त्या चौदांतल्या एका वेळी मुलीची दहावी असेल, एका वेळी नोकरीचा घोळ असेल, एका वेळी सासूबाईंचं आजारपण असेल. त्या वेळी घरातला सर्वांत दुबळा जीव कोण असेल, सांगायला नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात पाळलेलं जनावर कारणाशिवाय टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! कायद्याचा हा धाक म्हणजे एका कपभर चहाचा. तेव्हा धाक असलाच तर तो आपल्या आतलाच हवा.

आपण उपवास धरतो तेव्हा काय करतो? अंगात किती बळ आहे ते बघतो. अठ्ठाई झेपणार नसेल तर एकाशन करतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही. शक्तीबाहेरचा नियम घेऊन मध्येच मोडण्यापेक्षा लहान नियम घेऊन पुरा करावा, असं मोठी माणसं सांगत आली. पिल्लू घरी आणणं हेही मला तसंच व्रत वाटतं. फरक एवढाच, की उपवास मोडला तर दोष आपल्याला लागतो. हे व्रत मोडलं तर शिक्षा त्या जिवाला होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायची वाट मोकळी ठेवली, पण सोबत अट घातली, की एकदा घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. न्यायालयाच्या भाषेत ती अट झाली. आपल्या भाषेत मी तिला नियम म्हणेन.

दुसऱ्या दिवशी मुलीला सगळं सांगितलं. ती रडली. “म्हणजे आपण नाही म्हणायचं आणि ते मरणार,” असं म्हणाली. तिचं हे म्हणणं खोटं नव्हतं. ‘नाही’ म्हटल्याने हात धुतले जात नाहीत. टँकरखाली एक गेलेलंच होतं. प्रमादाने, म्हणजे बेफिकिरीने, जीव गेला तर ती हिंसा, ही आपली व्याख्या. मग माहीत असून जिन्यावरून वर निघून जाणं, हा प्रमाद नाही तर काय? तेव्हा प्रश्न ‘आणायचं की सोडायचं’ एवढाच राहिला नाही. आपल्या हातात अकरा महिने आहेत, त्यांत काय निभावता येईल, असा झाला. लाल मंदिरातल्या दवाखान्याचा तोच भेद.

मग कामं वाटून घेतली. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. विक्रीसाठीच्या सरकारी नियमांतही त्याहून लहान पिल्लू विकायला मनाई आहे, मग फुकट देतानाही तेच पाळायचं. वॉचमनच्या बायकोने टँकर येण्याच्या वेळी जिन्याखाली फळी आडवी लावायचं कबूल केलं. मुलगी शाळेआधी खाणं आणि पाणी ठेवू लागली. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली, रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची हे तिच्या वहीत लिहिलं गेलं. आणि ज्याचं स्वतःचं घर आहे असं कुणी शोधायला लागलो. हैदराबादच्या महापालिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंजारा हिल्सच्या जलगम वेंगळराव पार्कात गावठी पिल्लांचा दत्तक मेळा भरवला होता. अमला अक्किनेनींनी १९९२ मध्ये सुरू केलेली ब्लू क्रॉससारखी संस्थाही या शहरात आहे. म्हणजे वाटा होत्या. आम्हाला घर मिळालं ते शाळेतल्या एका सहकारी बाईंमार्फत. स्वतःचं बैठं घर, अंगण, दिवसभर घरात माणूस, आणि अगोदर एक म्हातारा कुत्रा शेवटपर्यंत सांभाळलेला. मुलीने त्या काकूंना एकच प्रश्न विचारला, “तुमची बदली होते का?”

पिल्लाची आई राहिली. ती पुन्हा व्याणार, पुन्हा टँकर. नसबंदी करावी का? इथे सासूबाईंनीच मला अडवलं, “छेद हा अतिचार आहे ना?” प्रश्न रास्त होता, आणि मी तो झटकला नाही. छेदाचा निषेध आहे तो माणसाच्या हौसेसाठी, फायद्यासाठी जनावराचं अंग कापण्याचा. शोभेसाठी शेपूट छाटतात, कान कापतात, ते या खात्यात जमा. वर्षात दोन-दोनदा पिल्लं घालून त्यांतली बहुतेक डोळ्यांदेखत मरताना बघणाऱ्या आईला भूल देऊन, जखमेची काळजी घेऊन केलेली शस्त्रक्रिया वेगळी. भाव वेगळा, तर कर्मही वेगळं. तरी त्यात वेदना आहे, हे नाकारून मनाला बरं वाटून घेऊ नये. पिल्लू अंगावरून सुटल्यावर आम्ही तिला पाठवलं. २०२३ च्या नियमांप्रमाणे तिला जिथून नेलं तिथेच आणून सोडलं. कानाला खूण घेऊन ती परत जिन्याखाली आली.

त्या नियमांत एक शब्द मला फार आवडला. ‘भटका कुत्रा’ ऐवजी तिथे ‘कम्युनिटी ॲनिमल’ म्हटलंय, म्हणजे वस्तीचं जनावर. आपल्याला ही कल्पना काही नवी नाही. आपल्या आज्ज्या शेवटची भाकरी कुत्र्याची म्हणून बाजूला काढत. तो कुत्रा कुणाच्या मालकीचा नव्हता, सगळ्या गल्लीचा होता. कुणी आजारी पडलं, कुणी गाव सोडलं, तरी दुसऱ्या दाराची भाकरी त्याला मिळे. भाडेकरूला झेपेल असा हा जुना मार्ग आहे. अकरा महिन्यांनी आम्ही गेलो तर जिन्याखालच्या कुत्रीला खाणं कोण घालेल, हे आत्ताच ठरलेलं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि वॉचमनची बायको.

शेवटी मला बोलायचंय ते ज्यांचं स्वतःचं घर आहे अशा बायकांशी. भाडेकरूला मोजून-मापून दया करावी लागते, कारण अटी दुसऱ्याने घातलेल्या असतात. पण त्या अटी घालतं कोण? आपल्यातल्या कित्येकींच्या नावावर फ्लॅट आहेत, कित्येकींचे यजमान सोसायटीच्या कमिटीवर आहेत. ‘व्हेज ओन्ली’ची पाटी लावताना आपण सांगतो, आमचा धर्म अहिंसेचा आहे. मग त्याच पाटीवर ‘नो पेट्स’ लिहिताना हात का थांबत नाही? आमच्या मालकांकडे निदान सांगायला कारण होतं, डोळ्यांनी बघितलेलं. तुमच्याकडे आहे का, हे एकदा तपासा. भीती खरी असेल तर तिच्यावर इलाज आहेत. लसीचा दाखला मागा, महापालिकेच्या नोंदणीचा कागद मागा, लिफ्टमध्ये पट्टा हवा म्हणून सांगा, घाण ज्याची त्याने उचलायची असा दंडक करा, आणि घर सोडताना कुत्रा सोबत नेल्याशिवाय डिपॉझिट परत नाही असं लिहून घ्या. आमच्या मालकांना मी हे शेवटचं कलम सुचवलंय. ते म्हणाले, पुढच्या कराराच्या वेळी बघू. करार मार्चमध्ये संपतो. मुलीने वहीत तारीख लिहून ठेवली आहे.